वजा बावीस

आईच्या दंडावरच्या पट्ट्यातली हवा निघून गेली, तिचा शेवटचा बारीक सुस्कारा विरला. रक्तदाबाच्या यंत्राच्या करड्या काचेवर १७० हा आकडा उभा होता. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून तो जवळून पाहिला. मग वही पुढे ओढली आणि 'सायं. ५.३०' असं आधीच लिहून ठेवलेल्या ओळीत, आपल्या सुबक, उभट अक्षरात त्यांनी लिहिलं : १४८.

मी हातभर अंतरावर बसले होते. काच मला दिसत होती आणि वहीही. आई खिडकीबाहेर पाहत होती. पट्टा अजून तिच्या दंडावरच होता; जणू तो हात तिचा नव्हताच, कोणीतरी सांभाळायला ठेवून गेलेली वस्तू होती. आमचं जैनांचं घर, सूर्य मावळायच्या आत पानं वाढायची असतात, त्यामुळे आतून आमटीचा वास येत होता. इतक्या निवांत, इतक्या ओळखीच्या वेळी, माझ्या देखत, माझ्या वडिलांनी खोटं लिहिलं होतं. आणि लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावून ते खिशाला अडकवलं होतं.

ज्या शांतपणे ते घडलं, त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

या गोष्टीला आता पंधरा वर्षं होऊन गेली. त्या रविवारी मी कोल्हापूरहून सांगलीला आले होते ती आईला भेटायला, असं सांगून. खरं म्हणजे मी तपासायला आले होते.

दिवाळीत आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी भोवळ येऊन पडली. लागलं फारसं नाही, पण रक्तदाब वाढलेला निघाला आणि गोळी सुरू झाली. मी कोल्हापूरहून आणि माझा धाकटा भाऊ सन्मती पुण्याहून, दोघंही धावत आलो आणि डॉक्टर शिरगुप्प्यांच्या दवाखान्यातून परतताना रिक्षातच त्यानं निर्णय दिला : "अण्णा, तीन महिने बघू. वरचा आकडा दीडशेच्या खाली राहिला तर तुम्ही इथे राहा. वर गेला तर दोघांनाही मी पुण्याला नेणार. मग मला काही समजावू नका, मी तुमचं ऐकणार नाही."

अण्णा काही बोलले नव्हते. घरी येऊन त्यांनी कपाटातून पाऱ्याचं जुनं यंत्र काढलं. शेजारच्या डॉक्टरांनी दवाखाना मिटवला तेव्हा ते अण्णांनी मागून घेतलं होतं. एका कोऱ्या वहीत रकाने आखले आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या दोन वेळा आईचा दंड त्यांच्या स्वाधीन झाला. या वेळा त्यांच्या रक्तातल्या होत्या. चौतीस वर्षं ते हवामान खात्यात निरीक्षक होते. बदली कुठेही होवो, साडेआठ आणि साडेपाचला तापमापक वाचायचा, पावसाचं पाणी मोजायचं आणि आकडा पुढे पाठवायचा. निवृत्तीनंतर ह्या दोन वेळा त्यांच्या दिवसात दोन रिकाम्या कोनाड्यांसारख्या राहिल्या होत्या. आता त्यांत वही येऊन बसली.

त्या वहीनंच मला संशयात पाडलं. १४६, १४८, १४४, १४९. दीडशेच्या उंबऱ्याशी यायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं, असं प्रत्येक आकड्याला कोणी बजावून ठेवलं होतं की काय! माणसाच्या रक्ताला इतकी शिस्त असते? महिन्याभरानं माझ्यासमोर शिरगुप्प्यांनी मोजलं तर वरचा आकडा एकशे बहात्तर. पण त्यांनी वही चाळली, त्या रेघा, ती अक्षरं पाहून त्यांचा चेहरा खुलला. "इथे आलं की पेशंट घाबरतात, त्यामुळे दवाखान्यातला आकडा चढतोच. घरची नोंद खरी. आणि अशी नोंद मी उभ्या जन्मात पाहिली नाही." त्यांनी गोळी अर्धी केली.

वहीतले आकडे मी सन्मतीला कळवले, आणि त्या रात्रीच त्याचा फोन आला.

"अक्का, ते मनचे आकडे लिहितात."

"अण्णा? अण्णा खोटं लिहितील?"

"राहतं घर सुटायची वेळ आली की माणूस काहीही लिहितो. एक-दोन नाही, साठ नोंदी आहेत अक्का, आणि एकही दीडशेला शिवत नाही. तूच सांग."

मी काय सांगणार? सांगण्यासारखं होतं ते त्याच्याच बाजूचं होतं. गेली काही वर्षं फोन केला की आईच उचलायची. "अण्णांना दे," म्हटलं की ते बागेत असायचे, नाहीतर देवळात, नाहीतर नुकतेच पडलेले. घरी गेल्यावर मी अण्णांना काही विचारलं, की उत्तर आईकडून यायचं. नाहीतर ती माझाच प्रश्न उचलून, त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा विचारायची, जणू तो गाळून घेतल्याखेरीज त्यांच्यापर्यंत पोचवायचा नव्हता. मला वाटू लागलं, ती आमच्या दोघांच्या मध्ये उभी आहे. काहीतरी झाकून. कदाचित घाबरून.

म्हणून मी मिरजेला बागवानांच्या दुकानात गेले. दवाखान्यांच्या गल्लीतलं ते दुकान. दारात कुबड्या टांगलेल्या, आत काचेच्या कपाटात यंत्रं. बागवानांचा देह मोठा होता आणि ते गिऱ्हाइकाला सहजासहजी वस्तू देत नसत.

"कुणासाठी?"

"आईसाठी."

"दंड कसा आहे? माझ्यासारखा का तुमच्यासारखा?"

"मध्यम."

"मध्यम हे काय माप झालं ताई? पट्टा लहान पडला की यंत्र उगीच वर बोलतं. मग तुम्ही मला बोलणार."

आईच्या पोलक्यांच्या बाह्या मीच शिवून आणत असे. "घेर अकरा इंच," मी म्हटलं.

"हां, आत्ता बोललात." त्यांनी तीन डबे काढले. एक बाजूला सारला. "हे मनगटाचं. लग्नात आहेर करायला बरं. हे दुसरं बोलतं. आकडा हिंदीत सांगतं, बाई बोलल्यागत."

"शेजारी ऐकतील."

"मग हे घ्या. साधं, दंडाचं. मोजायच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवायचं, तेवढं पाळा. मागचे साठ आकडे तारीखवेळेसकट लक्षात ठेवतं."

"ते पुसता येतात?"

"येतात की. दोन बटणं एकदम दाबून धरायची."

"न पुसता येणारं नाही का एखादं?"

बागवानांनी डबा बांधता बांधता हात थांबवला. "ताई," ते म्हणाले, "आईचं बीपीच बघायचंय ना?"

मी हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी ते यंत्र मी अण्णांना दिलं. "आईला बरं पडेल, तुमचेही श्रम वाचतील," असं म्हटलं. आकडे लक्षात ठेवण्याचं मुद्दामच बोलले नाही. त्यांनी ते ज्या सहजपणे घेतलं, त्या सहजपणाचाही मला संशय आला. "पंधरा दिवस दोन्ही शेजारी ठेवून बघतो," एवढंच ते म्हणाले. ते आपल्या स्वभावाला धरून बोलले असं समजून मी निघाले. आज महिन्यानं परत आले होते.

आणि आता वहीत १४८ होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "काचेवर किती आलं?"

"अगं, पानं वाढायची वेळ झाली," आई लगेच म्हणाली. "तू आधी हातपाय धू बघू."

"आई, मी अण्णांना विचारलं."

आईनं मोकळा हात अण्णांच्या गुडघ्यावर ठेवला, तोंड त्यांच्याकडे वळवलं. "ती विचारत्येय, काचेवर किती आलं."

"एकशे सत्तर," अण्णा म्हणाले.

"आणि वहीत काय लिहिलंत?" माझा आवाज चढला होता, माझा मलाच तो परका वाटला.

"एकशे अठ्ठेचाळीस."

इतक्या सरळ उत्तराची मी तयारी केली नव्हती. मी यंत्र ओढून घेतलं, बाजूचं बटण दाबलं आणि मागचे आकडे एकामागून एक मोठ्यानं वाचू लागले, वही दुसऱ्या हातात धरून. "आज सकाळी, १६८. वहीत १४६. काल संध्याकाळी, १७१. वहीत १४९. काल सकाळी, १६६. वहीत १४४." मी वाचत होते आणि माझ्याच शब्दांनी मला हुरूप चढत होता. आपल्याला खरं ठरवणारा पुरावा हातात आला की माणूस किती लवकर क्रूर होतो! "अण्णा, ही बाई न्हाणीत पडली होती. तिची गोळी अर्धी झाली ती या आकड्यांवर. घर सोडायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं. पण हे?"

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. निदान मला तसं वाटलं.

"साठ राहतात त्यात," ते म्हणाले. "अकराव्या पानावर दिलंय. पुसायचे कसे तेही आहे, बाराव्या पानावर."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"यंत्र वापरायचं आणि पुस्तिका वाचायची नाही, असं कसं चालेल? मला वाटलं, ताळा घ्यायला सोपं जावं म्हणून तू मुद्दाम हेच निवडलंस. चांगलं निवडलंस तू."

त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधायचा मी प्रयत्न केला. तिथे तो नव्हता.

त्यांनी यंत्र माझ्या हातातून अलगद काढून पालथं केलं. तळाला एक छोटं पांढरं कार्ड चिकटवलेलं होतं. त्यावर लिहिलं होतं : 'दुरुस्ती : वजा २२. तुलना १५ दिवस, नोंदी ३०. भू. पा. मगदूम.' खाली तारीख आणि सही.

"बस," ते म्हणाले. मी उभी आहे हे मला तेव्हा कळलं. "नवं उपकरण आलं की ते जुन्याशेजारी ठेवायचं. रोज दोन्ही वाचायची. जो फरक नेमानं येतो, तो कार्डावर लिहायचा आणि पुढे प्रत्येक नोंदीतून काढून टाकायचा. चौतीस वर्षं हेच केलं. कारखान्यातून आलेलं कुठलंच उपकरण खरं बोलत नाही, अक्का. ते किती खोटं बोलतं, एवढंच आपण शोधायचं असतं."

ते मला अक्का म्हणाले. फार मायेत आले की म्हणायचे. मी वही मिटली. मला त्या खोलीतून, त्या आमटीच्या वासातून, स्वतःतून उठून कुठेतरी जावंसं वाटलं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. उलट आपल्याला आलेला आकडा, त्यातली वजाबाकी, तिचं कारण, आपली सही, सगळं उघड्यावर मांडून ठेवलं होतं. ते उलटून पाहायचं तेवढं मला सुचलं नव्हतं.

पण लाज ओसरू लागली तशी खालून दुसरी एक थंड शंका वर आली.

"अण्णा," मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, "शिरगुप्प्यांच्या दवाखान्यातही एकशे बहात्तर आलं होतं."

"तिथे ती घाबरते. ते स्वतः म्हणाले."

"मग हे यंत्रही घाबरतं? दोन उपकरणं एक सांगतात आणि तुमचं पाऱ्याचं एकटं वेगळं सांगतं. दुरुस्ती कुणाला लावायची?"

अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत एक जुनी, तरतरीत अशी काहीतरी हालचाल झाली. मी लहान असताना, आभाळात एखादा न ओळखीचा ढग दिसला की व्हायची तशी.

"प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "पुन्हा तुलना घेऊ."

"आता?" आई म्हणाली. "सूर्य टेकलाय. जेवणं राहतील."

ते उठून आत गेले होते. पाऱ्याच्या यंत्राची लांबट पेटी घेऊन आले, ती टेबलावर उघडून उभी केली आणि मला बोलावलं. "बघ. हवा नसताना पारा कुठे आहे?"

"शून्यावर."

"केसभरही खाली नाही. म्हणजे पारा सांडलेला नाही. आता नळी." त्यांनी पट्टा स्वतःच्या मांडीभोवती गुंडाळून फुगवला, चाकी आवळून ठेवली आणि घड्याळाकडे पाहत बसले. पारा जागचा हलला नाही. "गळतीही नाही."

त्यांनी आईच्या दंडावरचा नव्या यंत्राचा पट्टा सोडून हा बांधला, स्टेथोस्कोप कानाला लावला, फुगा दाबत पारा दोनशेपर्यंत चढवला आणि चाकी सैल केली. पारा हळूहळू उतरू लागला. अण्णांची नजर त्याच्यावर खिळली होती. आईची नजर अण्णांवर होती. एकशे नव्वद. एकशे ऐंशी. सत्तर. साठ. पन्नास.

"हं," अण्णा म्हणाले. "एकशे अठ्ठेचाळीस. हा पहिला ठोका. आता तू ऐक."

"मला काय कळणार?"

"कळायला काही लागत नाही. आधी सगळं गप्प असतं. मग ठोका पडायला लागतो, कुणीतरी लांबून दार वाजवल्यासारखा. पहिला पडला की सांग."

त्यांनी नळ्या माझ्या कानांत घातल्या. बाहेरचं जग एकदम दूर गेलं. त्यांनी पारा चढवला, सोडला. मी वाट पाहत होते, आणि तेवढ्यात तो आला. टक्. टक्. टक्. स्वच्छ, हट्टी, जवळचा.

"आता!" मी म्हटलं. आणि पाऱ्याकडे पाहिलं. तो एकशे सत्तरवर होता.

"नवखा माणूस नेहमी घाई करतो," अण्णा म्हणाले. "मनात आकडा धरून ऐकतो. तू पाऱ्याकडे पाहू नकोस. भिंतीकडे तोंड कर. ठोका पडला की बोट वर. बोलायचं नाही. पारा मी वाचतो."

"माझा हात आहे हा," आई म्हणाली. "हापसा नव्हे."

अण्णा हसले नाहीत. मी भिंतीकडे वळले. एकदा बोट वर केलं. मध्ये त्यांनी आईच्या हाताला पाच मिनिटं विसावा दिला, घड्याळ लावून. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं. पाठीमागे पेनाचा कागदावरचा आवाज तीनदा आला. मग आणखी पाच मिनिटं, आणि माझं यंत्र दंडावर चढलं, गुरगुरलं, गप्प झालं.

मी वळले तेव्हा अण्णा समोरच्या चिठ्ठीकडे पाहत होते. १७०. १६८. १७०. त्याखाली यंत्राचा आकडा : १६९.

"नवखा माणूस तीनदा योगायोगानं तोच आकडा देत नाही," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, चिठ्ठीशी. "पारा शून्यावर. गळती नाही. नवं यंत्र पाऱ्याला धरून." त्यांनी पेनाच्या टोकानं एकेक गोष्टीवर टिचकी मारली, जणू अंगणातली उपकरणं एकेक करून बंद करत होते. "मग राहिलं काय?"

आई दंडावरचा पट्टा सोडू लागली.

त्यांनी स्टेथोस्कोप पुन्हा आपल्या कानाला लावला. नळीच्या दुसऱ्या टोकाच्या चकतीवर नखानं हलकेच खाजवलं. मला तीन हातांवरून तो खरखर आवाज ऐकू आला. त्यांनी पुन्हा खाजवलं. मग जोरानं. मग चकती हातात धरून तसेच बसले.

"निरीक्षक," ते म्हणाले.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो झटकला नाही, पण त्यांना तो कळलाही नसावा. त्यांनी यंत्र पालथं घातलं, नखानं कार्डाचा कोपरा उचलला आणि ते न फाटेल असं सावकाश सोलून काढलं. वही उघडून पहिलं पान काढलं. पट्टी घेतली. दिवाळीनंतरच्या पहिल्या आकड्यावर एक आडवी, बारीक रेघ मारली. एकच. खालचं वाचता येईल अशी.

"पुसायचं नसतं," ते म्हणाले. "चुकलेलंही दिसलं पाहिजे."

जे आकडे कानानं घेतले होते, त्यांच्यापुढे ते 'अग्राह्य' असं लिहीत होते. यंत्रावरचे होते, तिथे खोडलेल्यावर खरा आकडा. १६८. १७१. १६६. शेरा या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द : निरीक्षकदोष. आणि आद्याक्षरी सही. त्यांचं अक्षर तसंच सुबक होतं, तसंच उभट. मला ते पाहवेना.

आई उठून आत गेली होती. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले. ती भाकरीचं टोपलं उघडून पाहत होती, भाकऱ्या मोजल्यासारखी.

"किती दिवस?" मी विचारलं.

"काय किती दिवस?"

"अण्णांना ऐकू येत नाही."

"येतं की. जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत." तिनं टोपलं झाकलं. "पाच-सहा वर्षं झाली. आधी कुकरची शिट्टी गेली. मग पाखरं. मग तुझा आवाज."

"माझा?"

"फोनवरचा. तू फार हळू बोलतेस, लहानपणापासून."

बागेत, देवळात, नुकतेच पडलेले. "आणि आम्हाला सांगितलं नाहीस."

"त्यांनाच कुठे सांगितलंय!" ती म्हणाली. "मी आहे ना मध्ये. चालत होतं. तुम्ही यंत्रं आणलीत."

तिच्या आवाजात तक्रार होती, आणि ती खरी तक्रार होती. त्यानं मी चिडले.

"आई, चालत नव्हतं. तू पडलीस. रोज दोनदा ते तुझ्यासमोर कानाला नळ्या लावून बसत होते. तुला कळत नव्हतं ते कुठला आकडा लिहितात?"

तिनं पदर खांद्यावर सारखा केला. उजव्या हातानं डावा दंड धरला, जिथे पट्ट्याचा लालसर वळ अजून दिसत होता.

"पट्टा सैल होतो तसा ठोका आतून कळतो, त्रिशला. इथे. बाहेरच्या माणसाला नळी लागते, मला कशाला लागेल? ठोके सुरू व्हायचे आणि हे अजून वाट बघत असायचे. मान वाकडी करून. डोळे बारीक करून." ती थांबली. "पाखरू येईल म्हणून बसावं तसे. मी मनात म्हणायची, आला हो, आला. मग यांचा यायचा."

बाहेरून पट्टीवर पेन ओढल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"उद्या शिरगुप्प्यांकडे जायचं," मी शेवटी म्हटलं. "वही न्यायची नाही. यंत्र न्यायचं. तेच त्यांच्यासमोर लावायचं. गोळी पहिल्यासारखी करून घ्यायची. कानाचंही बघू."

"जाऊ," ती म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली, की माझ्या मनात काहीतरी खटकलं.

"आणि सन्मतीला कळवावं लागेल."

तिचा ताटाकडे गेलेला हात थबकला. "काय कळवशील?"

"आकडा दीडशेच्या वर आहे. पहिल्यापासून होता."

आईनं खिडकीतून मागच्या परसाकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. धुणं वाळत होतं, दगडी डोणीत पाणी होतं, भिंतीवरून उन्हाची शेवटची पट्टी वर वर सरकत होती. पण ती ज्या नजरेनं ते पाहत होती, ती नजर मी ओळखली. कोणी काही हिरावून नेत असेल तर त्याच्याकडे माणूस असं पाहतो. आणि तेव्हा, वडिलांवरून नुकताच उतरलेला माझा संशय, निलाजऱ्यासारखा, तिच्याकडे वळला. सन्मतीनं रिक्षात तो दीडशेचा आकडा सांगितला तेव्हा अण्णा पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले होते. रिक्षाच्या त्या आवाजात, त्याचं बारीक बोलणं, त्यांच्या पाठीमागून. त्यांनी काही उत्तर दिलं नव्हतं. ते अपमान गिळून बसले असं आम्हाला वाटलं होतं. पण दीडशेची अट त्यांना ऐकूच गेली नसणार. ती अट त्या घरात एकट्या आईला माहीत होती.

"आई," मी म्हटलं, "त्यांना सांगितलं होतंस? सन्मतीनं घातलेली अट?"

ती परसाकडेच पाहत होती.

"नाही ना सांगितलंस? त्यांना माहीतच नव्हतं की आकड्यावर घर अवलंबून आहे. तुला माहीत होतं. आणि गोळी अर्धी केली तेव्हाही तू गप्प बसलीस." माझा आवाज आता हळू झाला होता, त्यांना मुळीच ऐकू न जाणारा, फक्त तिच्यापुरता. "आई, तू गप्प बसलीस ती त्यांचं मन राखायला, की तुला इथून जायचं नव्हतं म्हणून?"

आईनं डोणीवरची नजर काढली. ओट्यावरचं फडकं घेऊन हात पुसले, एकेक बोट. तीन ताटं एकावर एक ठेवून उचलली, आमटीचं पातेलं दुसऱ्या हातात घेतलं, आणि माझ्या अंगावरून, मला जराही धक्का न लावता, बाहेर निघून गेली.